ज्याला नकार परवडत नाही, त्याचा होकार

रायगड जिल्ह्यात कातकरी आदिवासींच्या पुष्कळ वाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. जमीन गावातल्या मोठ्या खातेदाराची. शेतावर, बागेत राबायला माणसं हाताशी हवीत म्हणून त्याच्याच आज्या-पणज्याने ही कुटुंबं तिथे बसवलेली. आता अशा वाडीतल्या कुणाला घरकुल मंजूर झालं की पंचायत समितीत पहिला प्रश्न येतो जागेचा. जागा नावावर नसेल तर मालकाचं संमतीपत्र आणा. मालक ते सहसा देत नाही, कारण पक्कं घर झालं की उद्या जागाही मागतील ही धास्ती. घरकुल कागदावर राहतं. तोच मालक ती जमीन मुंबई-पुण्याच्या कुणाला फार्महाऊससाठी विकतो, तेव्हा वाडीतल्या कुणाची सही कुठल्याच कागदावर लागत नाही. खरेदीखत होतं, फेरफार होतो, तारेचं कुंपण पडतं, विहिरीकडे जायची पायवाट बंद होते. घर बांधायला मालकाची संमती हवी. घरं असलेली जमीन विकायला घरातल्यांची नको.

कायद्यात याला उत्तरच नाही असं नाही. १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम १६ ने मालकाच्या जागेवर घर बांधून राहणाऱ्या कुळाला सहजासहजी उठवता येत नाही, आणि हे संरक्षण शेतमजूर व कारागिरांपर्यंत नेलेलं आहे. कलम १७ प्रमाणे जागा विकायची झाली तर घेण्याचा पहिला हक्क तिथे राहणाऱ्याचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम १२२ खाली जिल्हाधिकाऱ्यांना गावठाणाची हद्द ठरवता येते, म्हणजे वाडीला गावठाण करता येतं. पण यातलं काहीही मागायचं तर 'आम्ही इथे अमुक सालापासून राहतो' हे कागदाने दाखवावं लागतं. म्हणून घरपट्टीची पावती, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा (घरांच्या नोंदवहीचा) उतारा, जुनी मतदारयादी, वीजबिल, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता हे सगळं आधीच जमवून ठेवायला हवं. नमुना ८ ने मालकी सिद्ध होत नाही, वहिवाट मात्र दिसते. कुंपणाचे खांब पडल्यावर धावाधाव सुरू झाली तर तोवर नवा मालक कोर्टातून मनाई हुकूम घेऊन बसलेला असतो.

राज्यसत्ता कमजोर माणसाला चिरडते तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे लाठी येते. लाठी असतेच. पण बरंचसं काम संमतीच्या कागदावर होतं. कोणाला विचारायचं, कधी विचारायचं, कोणत्या भाषेत, आणि तो नाही म्हणाला तर त्याचं काय होईल, या चार गोष्टी ज्याच्या हातात तो समोरच्याकडून हवा तेव्हा होकार काढू शकतो. अमेरिकेत हे वंशाच्या अंगाने चालतं, आपल्याकडे जातीच्या आणि जमातीच्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९७३ साली श्नेकलॉथ विरुद्ध बुस्टामॉन्टे हा खटला निकाली निघाला. पोलिसांनी रात्री एक गाडी थांबवली, झडती घेऊ का विचारलं, गाडीतला माणूस 'घ्या' म्हणाला. प्रश्न असा की 'तुम्ही नकार देऊ शकता' हे त्याला सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे का? न्यायालयाने ठरवलं, नाही. होकार स्वेच्छेचा असला की पुरे, नकाराचा हक्क माहीत असलाच पाहिजे असं नाही. थरगुड मार्शल, त्या न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती, यांनी विरोधी मत नोंदवलं. पर्याय आहे हेच ज्याला ठाऊक नाही त्याने निवड केली असं कसं म्हणायचं, हा त्यांच्या मताचा गाभा. रस्त्यात वारंवार कोणाच्या गाड्या थांबवल्या जातात हे ज्या देशात कातडीच्या रंगावर ठरत आलं, तिथे या निकालाचा भार कोणावर पडला हे वेगळं सांगायला नको.

२००१ साली डर्बनला संयुक्त राष्ट्रांची वंशवादविरोधी परिषद झाली तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे, ती इथे चर्चेला नको, ही भारत सरकारची भूमिका होती. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच वंशभेद निर्मूलन समितीने आपल्या २९ व्या शिफारशीत जन्मावर आधारित भेदभावात जात धरली. जात आणि वंश एकच का, हा वाद मला दुय्यम वाटतो. जन्म पाहून ज्याचा होकार गृहीत धरला जातो, त्याच्यासाठी दोन्हीकडची यंत्रणा सारखीच चालते.

कोकणाला हे नवं नाही. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. तीन वर्षं तो ठराव दप्तरात होता आणि तळ्यावर कोणी अस्पृश्य पाणी भरू शकत नव्हता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले आणि मार खाऊन परतले. त्यानंतर नगरपालिकेने काय केलं? ४ ऑगस्ट १९२७ ला आपला जुना ठरावच मागे घेतला. डिसेंबरमध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर सवर्ण मंडळी तळं खाजगी असल्याचा दावा घेऊन दिवाणी न्यायालयात गेली आणि मनाई हुकूम मिळवला. उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने अंतिम निकाल लागला तो १७ मार्च १९३७ ला. जवळजवळ दहा वर्षं एका गटाची नाराजी हीच कायद्याची हद्द होती. सवर्णांची संमती नव्हती एवढ्यावर हक्क थांबला. अस्पृश्यांनी शतकानुशतकं तळ्याबाहेर राहायला कधी संमती दिली होती का, हे विचारण्याचं कारण कोणाला पडलं नाही.

आता आजचा कायदा घेऊ. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला आणि त्याचं कौतुक संमतीसाठी झालं. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती, सरकारी-खाजगी भागीदारीला ७० टक्के. सरकार स्वतःसाठी घेणार असेल तर टक्केवारी नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. ज्याकडे फारसं कोणी पाहत नाही ते पुढे आहे. कलम ३ मध्ये बाधित कुटुंबाची व्याख्या चांगली रुंद आहे: जमीनमालक, तीन वर्षं तिथे राबणारे शेतमजूर, बटाईदार, कारागीर, वनहक्कधारक, रानातल्या वस्तू गोळा करणारे, मासेमार, नावाडी. पण कलम २(२) मध्ये संमती मोजताना या व्याख्येतली दोनच उपकलमं धरली आहेत, (i) आणि (v). म्हणजे ज्याची जमीन किंवा स्थावर मालमत्ता जाते तो, आणि ज्याला सरकारने योजनेतून जमीन दिली तो. बाकीच्यांना पुनर्वसन मागता येतं, नकार देता येत नाही. खाडीत जाळं टाकून आणि रानातून लाकूडफाटा-कंद आणून जगणारं कातकरी कुटुंब कायद्याच्या लेखी बाधित आहे आणि त्याच कायद्याच्या टक्केवारीत ते शून्य आहे. कोळीवाड्यातल्या ज्या घरांचं पोट समुद्रावर आहे आणि सातबाऱ्यावर नाव नाही, त्यांचंही तेच.

ही मोजणी कशी चालते ते रायगडने २०१३ च्या आधीच पाहिलं होतं. २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यात, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत, महामुंबई सेझला (विशेष आर्थिक क्षेत्राला) जमीन द्यायची की नाही यावर सरकारने मतदान घेतलं. देशात असं पहिल्यांदाच घडत होतं आणि शेतकऱ्यांनी ते लढून मिळवलं होतं. त्या लढ्याचं मोल मोठं आहे, त्यात काडीची शंका नाही. तरीही मत होतं ते खातेदार शेतकऱ्याला. त्याच शेतात लावणी-कापणी करणाऱ्या, बांधावर झोपडी असलेल्या भूमिहीन माणसाला मतपत्रिका नव्हती.

कोकणातले मोठे प्रकल्प तर सहसा २०१३ च्या कायद्याच्या वाटेने येतच नाहीत. औद्योगिक क्षेत्र म्हणून अधिसूचना निघते आणि १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्याखाली नोटिसा लागतात. त्यात संमतीची टक्केवारी नाही. २०१८ मध्ये राज्याने भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करून या राज्य कायद्यांना संमतीच्या आणि सामाजिक परिणामांच्या अभ्यासाच्या अटींतून बाहेर ठेवलं. रत्नागिरी जिल्ह्यात बारसूच्या सड्यावर एप्रिल २०२३ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण झालं ते पोलीस बंदोबस्तात, जमावबंदी लावून, विरोधकांना ताब्यात घेऊन. उरते पर्यावरणाची जनसुनावणी. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे तिची ३० दिवसांची नोटीस लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, चित्रीकरण होतं आणि शेवटी कार्यवृत्त सगळ्यांसमोर वाचून दाखवावं लागतं. तिला गणपूर्ती नाही आणि मतदान नाही. मूळ अहवाल इंग्रजीत शेकडो पानांचा असतो, आणि कोळंबीची पैदास कुठे होते, मचवे कोणत्या वाटेने जातात हे नेमकं त्याच पानांत चुकलेलं असतं. सुनावणीला जाणाऱ्यांनी एक गोष्ट सोडू नये: आपला आक्षेप लेखी द्यावा, पोच घ्यावी, आणि कार्यवृत्त वाचून झाल्याशिवाय मंडप सोडू नये. तोंडी बोललेलं 'काही ग्रामस्थांनी शंका उपस्थित केल्या' एवढ्या ओळीत बसवलं जातं.

ठाणे-पालघरच्या बऱ्याच आदिवासी भागाला घटनेच्या पाचव्या अनुसूचीचं छत्र आहे. तिथे १९९६ चा पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा) कायदा चालतो, पाड्याची ग्रामसभा होऊ शकते, भूसंपादन कायद्याचं कलम ४१ ग्रामसभेची पूर्वसंमती मागतं. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांत एकही अनुसूचित क्षेत्र नाही. कातकरी ही केंद्राने विशेष असुरक्षित ठरवलेल्या जमातींपैकी एक; महाराष्ट्रात अशा तीनच, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. तरी जमात तीच, बोली तीच, भाऊबंद तेच, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडली की ग्रामसभेचं वजन बदलतं. रायगडची कातकरवाडी मोठ्या गावच्या ग्रामसभेत जाऊन बसते, जिथे तिची माणसं मागच्या रांगेत असतात आणि अजेंडा पुढच्या रांगेत ठरलेला असतो.

त्या ग्रामसभेचं वेळापत्रकच बघा. वर्षाला किमान चार सभा. रिवाजाने त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्टीवर, कोळसा भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे चारपैकी दोन सभांना वाडीत म्हातारी माणसं आणि कुत्री. साध्या ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यातलं जे कमी असेल ते. तहकूब होऊन परत भरली तर तीही नको. २६ जानेवारीला झालेला ठराव 'सर्वानुमते' असतो आणि नियमाला धरूनही असतो. वाडीशी संबंधित कुठलाही विषय, मग तो गायरानाचा असो, खाणीच्या ना-हरकतीचा असो की वनहक्काचा, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या सभेतच घ्यावा अशी लेखी मागणी ग्रामसेवकाकडे आधी द्यावी. हंगामात विषय आलाच तर 'बाधित कुटुंबं स्थलांतरित असल्याने निर्णय पुढे ढकलावा' हा अर्ज सभेच्या आधी पोहोचवावा आणि इतिवृत्तात त्याची नोंद मागावी. नंतर ठराव आव्हानाला लावायचा तर हाच अर्ज कामी येतो.

हे लोक हंगामभर वाडीत का नसतात, याचं उत्तर उचलीत आहे. पावसाळ्यात काम नसतं, घरात आजारपण निघतं, लग्न उभं राहतं. गणपतीच्या आसपास मुकादम वाडीत येतो आणि रोख पैसे देतो. ती उचल. नवरा-बायको मिळून एक जोडी धरली जाते. कागद झालाच तर स्टॅम्पपेपर असतो, त्यावर मजकूर छापील, 'राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय' वगैरे, रकमेची जागा कधी कोरी, तारखेची जवळजवळ नेहमी कोरी, आणि खाली निळ्या शाईचा अंगठा. पुष्कळदा तोही कागद नसतो, मुकादमाच्या वहीत नाव आणि आकडा. आता हिशेब मांडून बघू. आकडे नमुन्याचे आहेत, रीत खरी आहे. समजा उचल ४०,००० रुपये. भट्टीवर आठवड्याची खर्ची, म्हणजे बाजारहाटाला मिळणारे पैसे, १,५०० रुपये, २६ आठवड्यांची ३९,००० रुपये. दर हजार विटांना ७०० रुपये. जोडी दिवसाला हजार विटा पाडते, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे १३० दिवसांत १,३०,००० विटा आणि ९१,००० रुपये. खर्ची आणि उचल वजा जाता हातात १२,०००. सहा महिन्यांच्या दोन माणसांच्या राबण्याचे.

हा सगळं सुरळीत गेल्याचा हिशेब झाला. आता अवकाळी पाऊस आणि ताप मिळून १५ दिवस बुडाले असं धरा. विटा १,१५,०००, रक्कम ८०,५००, हातात १,५००. त्यातून भट्टीच्या शेठने पाच टक्के फूट (फुटलेल्या विटांची वजावट) कापली की रक्कम ७६,४७५ वर येते, आणि जोडीच्याच अंगावर २,५२५ रुपये फिरतात. ते पुढच्या हंगामाला. आता पावसाळ्यात मुकादम आला की तो नवी उचल द्यायला येत नाही, जुनी फेडून घ्यायला येतो, आणि 'यंदा येणार ना?' या त्याच्या प्रश्नाला वाडीत एकच उत्तर उरतं. कच्च्या विटा भिजल्या तर नुकसान कोणाचं, फूट कोण मोजणार, खर्चीची नोंद कोणाच्या वहीत, या तीन गोष्टी हंगामाआधी ठरलेल्या नसतात. सगळी गोम तिथेच आहे.

पहिल्या हिशेबातही दिवसाचे माणशी ३५० रुपये पडतात. लहान मूल विटा उलटायला हाताखाली असेल, आणि असतंच, तर ते २३३ वर येतं. त्या वर्षाच्या किमान वेतनाच्या दरपत्रकाशी हा आकडा ताडून पाहावा. कारण १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, न्यायमूर्ती भगवतींच्या निकालात, स्पष्ट म्हटलं आहे की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर कोणी काम करत असेल तर ते घटनेच्या कलम २३ खाली सक्तीचं काम आहे, आणि सक्ती म्हणजे केवळ मारझोड नव्हे, भूक आणि गरिबीची सक्तीही सक्तीच. आपल्या न्यायव्यवस्थेने संमतीबद्दल लिहिलेल्या उत्तम गोष्टींपैकी ही एक आहे असं मी मानतो. १९७३ च्या अमेरिकी निकालाच्या शेजारी ठेवून वाचावी अशी. भुकेने दिलेला होकार हा होकार नाही हे आपल्याकडे कायदा आहे. फक्त तो भट्टीपर्यंत पोहोचत नाही.

पोहोचवायचा कसा, तेही सांगतो. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली अर्ज जिल्हाधिकारी, प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा. अर्जात उचलीची रक्कम, ती दिल्याची साधारण तारीख (गणपतीच्या आधी की नंतर, इतकं आठवलं तरी चालतं), भट्टीचं ठिकाण, जोडीत कोण, मुलांची वयं, खर्ची किती, बाहेर जायला बंदी होती का, हिशेब झाला का. कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १५ ने मालकावर टाकली आहे, मजुरावर नाही. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला याची आठवण करून द्यावी लागते. जबाब भट्टीवर, शेठच्या खुर्चीसमोर घेतला तर 'आम्ही मर्जीने आलोय' हेच वाक्य निघणार. म्हणून जबाब तहसील कार्यालयात किंवा गावी परतल्यावर घ्यावा, नवरा आणि बायको दोघांचा वेगळा. बायकांच्या जबाबात खर्चीचे आकडे नीट येतात, कारण बाजार त्या करतात.

सर्वांत मोठी चूक होते ती मुक्ती प्रमाणपत्राच्या, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याच्या सरकारी दाखल्याच्या, बाबतीत. प्रकरण पोलीस ठाण्यात जातं, तिथे तडजोड होते, टेम्पो येतो, कुटुंबं घरी सोडली जातात, आणि सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं. प्रमाणपत्र निघालेलं नसतं. ते नसेल तर २०१६ च्या केंद्रीय पुनर्वसन योजनेतला एकही रुपया मिळत नाही: पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, अतिशोषणाच्या प्रकरणांत ३ लाख. पूर्ण रक्कम मालकाच्या शिक्षेशी बांधलेली आहे, पण तातडीची मदत, आधी २०,००० आणि नंतर वाढवून ३०,००० रुपये केलेली, तिला शिक्षेची वाट पाहावी लागत नाही. प्रमाणपत्र निघालं की उचलीचं कर्ज कायद्याने संपल्याचा कागद हाती येतो. ते न घेता घरी आलेल्या माणसाच्या दारात पुढच्या पावसाळ्यात मुकादम परत उभा, आणि या खेपेला पैसे बुडवल्याची तक्रार पोलिसांत देईन ही धमकीही सोबत. ज्या ठाण्याने सोडवलं तेच ठाणं वसुलीला येतं, अशी ही व्यवस्था आहे.

उचलीतून बाहेर पडायची खरी वाट जमिनीतून जाते. रायगडात दळी जमिनी आहेत. इंग्रजी अमलापासून डोंगरउतारावर नाचणी-वरीसाठी वनखात्याने दिलेल्या, पुष्कळदा साऱ्या गटाला मिळून एका नाईकाच्या नावावर. कसणारी दहा घरं आणि कागदावर एक नाव, तेही कधीच वारलेल्या माणसाचं. सर्वहारा जन आंदोलन या संघटनेने या जमिनींसाठी वर्षानुवर्षं झगडा केला. २००६ च्या वनहक्क कायद्याने कायद्याची वाट मिळाली: १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताबा असलेल्या आदिवासी कुटुंबाला ४ हेक्टरपर्यंत, नवरा-बायको दोघांच्या नावाने, वारसाने चालणारा पण विकता न येणारा हक्क. आणि इथे ग्रामसभेची गणपूर्ती वेगळी आहे, हे गावातल्या अर्ध्याअधिक कारभाऱ्यांना माहीत नसतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर निम्मे सभासद, त्यात किमान एक तृतीयांश स्त्रिया, आणि दाव्यांवर ठराव करायचा असेल तर निम्मे दावेदार हजर. १५ टक्क्यांच्या सभेत मंजूर केलेला दावा पुढे लोंबकळतो आणि तिथे दावा फेटाळला असेल तर तो निर्णय टिकत नाही. हजेरीपत्रकावर स्त्री-पुरुष वेगळे, दावेदारांच्या नावापुढे खूण, असं करून ठेवावं.

दाव्याला दोन पुरावे लागतात आणि त्यातला एक वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब असू शकतो. हा मुद्दा कातकऱ्यांसाठी फार महत्त्वाचा. ज्यांच्याबद्दल सरकारने कधी काही लिहूनच ठेवलं नाही, त्यांच्याकडे कागद मागणं हाच अन्याय आहे, आणि जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागताना तोच होतो. तिथेही कागद नसेल तर गृहचौकशीवर भागतं, पण चौकशीला कोणी वाडीत यावं लागतं. वनहक्कात निदान आजीचा शब्द पुरावा धरला आहे. जबाबात तिने खुणा सांगाव्यात: कोणता ओढा, कोणता आंबा, कोणत्या साली कोणाचं घर जळलं, थडगी कुठे आहेत. 'पूर्वापार कसत आहोत' एवढंच लिहिलेला जबाब हमखास मागे येतो.

मोजणीच्या दिवसाची लेखी सूचना ग्रामसभेच्या वनहक्क समितीने वन आणि महसूल खात्याला द्यायची आणि पोच ठेवायची. त्यांनी हजर राहून सही, हुद्दा, तारीख आणि शेरा लिहायचा. ते आलेच नाहीत आणि नंतर त्याच कारणाने आक्षेप घेतला, तर पडताळणी पुन्हा लावायची. तेव्हाही गैरहजर राहिले तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम, असा नियम १२-अ आहे. उपग्रहाच्या छायाचित्रात शेत दिसत नाही म्हणून दावा फेटाळला, हे कारण एकटं चालत नाही. दळीवर दोन-तीन वर्षं पड ठेवायची रीत असल्याने छायाचित्रात झुडूप दिसणारच, आणि हे ग्रामसभेच्या ठरावातच लिहून ठेवलेलं बरं.

फेटाळल्याचा निर्णय दावेदाराला स्वतः, लेखी, कारणांसह मिळाला पाहिजे. तो मिळाल्या दिवसापासून अपिलाला ६० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ३०. जानेवारीत वाडीत आलेली नोटीस शेजारणीच्या पत्र्याखाली खोचलेली राहते आणि माणूस जूनमध्ये भट्टीवरून येतो, हे इतक्या वेळा घडतं की समितीने हंगामात नोटीस घ्यायला वाडीतल्या एका साक्षर माणसाला लेखी अधिकार देऊन ठेवावा, आणि तरीही टपाल दाराला अडकवलेलं मिळालं तर ते हाती पडल्याची तारीख दोन साक्षीदारांच्या सह्यांनी पाकिटावरच लिहावी. मुदत त्या तारखेपासून मोजा अशी मागणी अपिलाच्या पहिल्या परिच्छेदात करायची. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत ताब्यातल्या जमिनीवरून कोणाला उठवता येत नाही, हे वनहक्क कायद्याचं कलम ४(५). वनरक्षक बांधावर खड्डे खणायला आला तर त्याला हे कलम, दाव्याचा क्रमांक आणि पोच दाखवायची, आणि कामाचा लेखी आदेश मागायचा.